किरायाचें माळवद व मालकाची हयगय : हिंगोली भागापुरता एक विचार

भाड्यानें दिलेलें घर कोसळून कोणी दगावल्यास त्याचें उत्तर कोणीं द्यावयाचें, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ वकिलांचा वाटतो. परंतु हल्लींच्या हिंगोली जिल्ह्यापुरता त्याचा विचार करूं लागलें म्हणजे तो इतिहासाच्या अभ्यासकासहि टाळतां येत नाहीं, असें दिसून येतें. येथील घरांची रचना, निजामी अंमलाखालील कचेऱ्यांची भाषा, पैनगंगेच्या दोन तीरांवर दीर्घकाळ चाललेले दोन निरनिराळे कायदे आणि भाडें गोठल्यामुळें मालकाच्या मनांत घराविषयीं उत्पन्न झालेली उदासीनता, या सर्वांचे धागे त्या एका प्रश्नांत गुंतलेले आहेत. प्रस्तुत लेखांत सांगावयाचें तें मुख्यतः एवढेंच कीं, भाड्याची रक्कम व घर सांभाळण्याची जबाबदारी या दोन गोष्टी लोकांच्या मनांत एकत्र बांधलेल्या असल्या, तरी कायद्यानें त्यांची गांठ बऱ्याच अंशीं सोडविलेली आहे. आणि ही गोष्ट मालक व भाडेकरू या दोघांनाहि सहसा ठाऊक नसते.

प्रथम शब्दांकडे पाहूं. पुण्याकडे ज्यास भाडें म्हणतात त्यास मराठवाड्यांत व वऱ्हाडांत 'किराया' म्हणतात. घर किरायानें घेतात, राहणारा तो किरायादार, व लिहून दिलेला कागद तो किरायानामा. दुरुस्तीस 'मरम्मत' हा शब्दहि जुन्या माणसांच्या तोंडीं अद्याप ऐकूं येतो. हैदराबाद संस्थानच्या दफ्तरांत आधीं फारसी व पुढें उर्दू चालली, तिचे हे अवशेष होत. हयगयीसाठीं या भागांत 'गफलत' व 'कसूर' असे दोन शब्द रूढ आहेत, आणि त्यांतील भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. गफलत म्हणजे लक्ष नसणें. कसूर म्हणजे जें करावयास हवें होतें त्यांत उणें पडणें. माझें लक्षच नव्हतें, असें सांगून मालक गफलत कबूल करतो व कसुरांतून सुटूं पाहतो. पुढें दिसेल कीं न्यायालयांपुढें निर्णयाचा कांटा फिरतो तो याच दोन शब्दांच्या मध्यें.

आतां घर. या प्रदेशांतील जुनें घर म्हणजे माळवद. दगडमातीच्या वा मातीच्या जाड भिंती, आंत लांकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्यांची किंवा काटक्यांची किलचण, तिजवर पाला, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. घराची मोजणीहि खणांवर होते. तीन खणांचें, पांच खणांचें असें लोक बोलतात. गांवाच्या वस्तीच्या जागेस 'पांढरी' व शेताच्या जमिनीस 'काळी' म्हणण्याचा आपल्याकडील प्रघात सर्वविदित आहे. त्याच पांढरीची चिकट माती माळवदावर जाते. ती पाणी आंत उतरूं देत नाहीं, उन्हाळ्यांत घर थंड ठेवते, व फुकट मिळते. मात्र तिला दरवर्षीं हात लावावा लागतो. मृगापूर्वीं माळवदावरील गवत उपटावयाचें, भेगा बुजवावयाच्या, नवी माती पसरून चोपावयाची, व पन्हळ मोकळी करावयाची. एक पावसाळा चुकला तर पाणी किलचणींतून खालीं उतरतें, लांकूड कुजतें, आणि भिंतीचा माथा आंतून फुगूं लागतो.

येथें एक विपरीत गोष्ट आहे, व ती न जाणतां या विषयावर बोलणें व्यर्थ होय. माती न टाकणें जसें घातक, तसेंच जुनी न काढतां नवी टाकीत जाणेंहि घातक. पिढ्यान् पिढ्या थरावर थर चढत जाऊन माळवदाचें वजन इतकें वाढतें कीं तें केवळ सवयीनें उभें राहतें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत लातूर व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) या जिल्ह्यांतील हजारो माणसें मृत्युमुखीं पडलीं, तीं पुष्कळशीं अशाच जड माळवदांखालीं व दगडमातीच्या भिंतींखालीं. म्हणजे ज्यास आपण काळजी म्हणतों तिच्यांतच कसूर लपलेला असूं शकतो. घर सांभाळावयाचें म्हणजे काय करावयाचें, याचें उत्तर परंपरेस पूर्णपणें ठाऊक होतें असें मानण्याचें कारण नाहीं.

स्वतःच्या घरावर माती टाकणें हें प्रत्येकाच्या अंगवळणीं पडलेलें काम. पण किरायाच्या घरावर ती कोणीं टाकावयाची? आपल्या प्राचीन शास्त्रकारांस घरभाडें अपरिचित नव्हतें. कौटिल्यानें वास्तुप्रकरणांत, जा म्हटल्यावरहि न जाणाऱ्या भाडेकरूस आणि भाडें देत असतांहि त्यास हुसकून लावणाऱ्या मालकास, अशा दोघांनाहि दंड सांगितला आहे. मात्र शिवीगाळ वा मारहाण, चोरी, जबरदस्ती, परस्त्रीगमन किंवा घराचा गैरवापर यांपैकीं कांहीं घडलें असल्यास हुसकण्यास मुभा ठेविली आहे. वर्ष पुरें होण्यापूर्वीं आपण होऊन निघून जाणाऱ्यानें उरलेल्या वर्षाचें भाडें द्यावें, असेंहि तो म्हणतो. नारदानें भाड्यास 'स्तोम' असा शब्द योजिला असून, दुसऱ्याच्या जागेवर भाडें देऊन घर बांधणाऱ्यानें जातांना गवत, लांकूड व विटा आपल्याबरोबर न्याव्या, अशी व्यवस्था सांगितली आहे. या वचनांचा रोख भाड्यावर व ताब्यावर आहे, घराच्या सुस्थितीवर नाहीं. याच्या उलट टोंक पहावयाचें तर बाबिलोनच्या हमुराबीचें: घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्या गवंड्यास देहांत शासन. तेथें जबाबदार गवंडी. भाड्यानें देणाऱ्याचा प्रश्न तेथेंहि निघालेला दिसत नाहीं. भाड्यानें दिलेल्या घराच्या पडझडीचा विचार हा मुख्यतः गेल्या दीडशें वर्षांतला आहे.

त्या दीडशें वर्षांत हिंगोलीची राजकीय स्थिति मोठी चमत्कारिक होती. कयाधू नदीकांठचें हें गांव हैदराबाद कंटिंजंट नांवाच्या फौजेची छावणी होतें. या फौजेच्या खर्चापोटीं निजामानें १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांकडे सोंपविलें, व १९०२ च्या करारानें तेंच वऱ्हाड सालीना २५ लक्ष रुपयांवर कायमच्या पट्ट्यानें दिलें. १९०३ सालीं कंटिंजंटचें वेगळें अस्तित्व संपलें व हिंगोलीची छावणी उठली. भाड्याचा इतिहास लिहिणाऱ्यास याहून मोठा भाडेपट्टा आपल्या इलाख्यांत सांपडणें कठीण. पैनगंगेच्या अलीकडील मालकानें पलीकडील सबंध प्रांत किरायानें दिला, आणि त्याची मरम्मत कोणीं करावयाची याविषयीं वाद घालण्याची सोय मात्र ठेविली नाहीं!

विनोद सोडला, तरी त्या पट्ट्याचा परिणाम घरोघर पोंचला. नदीच्या उत्तरेस वाशीम, पुसद, उमरखेड या बाजूस मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९४६ चा जागा भाड्यानें देण्याविषयींचा कायदा व त्याखालील १९४९ चा भाडेनियंत्रण हुकूम लागू झाला. त्यान्वयें भाडेकरूस नोटीस देण्यापूर्वींच मालकास नियंत्रक अधिकाऱ्याची लेखी परवानगी काढावी लागे. दक्षिणेस हिंगोली, कळमनुरी, वसमत येथें १९४८ सालीं संस्थान विलीन झाल्यानंतर हैदराबादचा १९५४ चा घरभाडें नियंत्रण कायदा आला. त्याखालीं मालकानें नियंत्रकाकडेच अर्ज करावयाचा असे. मुंबईकडे १९४७ चा तिसराच कायदा चालू होता. १९५६ सालीं मराठवाडा हैदराबादेतून निघाला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, १९९९ च्या १ मे रोजीं परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. तरी हे तीन कायदे आपापल्या जुन्या सरहद्दींत तसेच नांदत राहिले. ३१ मार्च २००० रोजीं महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ अंमलांत आला, तेव्हां तिघांचीहि एकदमच इतिश्री झाली. संस्थान गेल्यावरहि बावन्न वर्षें त्याची सरहद्द भाड्याच्या कागदांतून जिवंत होती, हें अभ्यासकांनीं टिपून ठेवण्यासारखें आहे.

या नव्या अधिनियमाचें चौदावें कलम आपल्या विषयाचा गाभा आहे. भाडेकरूनें याउलट करार केला नसेल, तर जागा राहण्याजोग्या सुस्थितींत ठेवणें हें मालकावर बंधनकारक आहे, असें तें कलम सांगतें. मालकानें दुर्लक्ष केल्यास भाडेकरूनें निदान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी; तरीहि वाजवी मुदतींत काम न झाल्यास स्वतः दुरुस्ती करावी व खर्च भाड्यांतून वळता करावा किंवा मालकाकडून वसूल करावा. परंतु एका वर्षांत वळती करावयाची वा वसूल करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असतां कामा नये. ही मर्यादा कागदावर न्याय्य दिसते. प्रत्यक्षांत काय होतें तें हिशेबानें पहावें. समजा, जुन्या पेठेंतील दोन खणांच्या जागेचें भाडें महिना २०० रुपये आहे. वर्षाचे २,४०० झाले. त्याचा चौथा हिस्सा ६०० रुपये. तेवढ्यांत कुजलेली एक तुळई बदलणें तर दूरच, माळवदावर माती चढविणाऱ्या मजुरांची मजुरीहि भागत नाहीं. अधिकार दिला आहे, पण त्याचा पल्ला भाड्याइतकाच आंखूड ठेवला आहे.

शिवाय हा अधिनियम सर्व गांवांना सरसकट लागू नाहीं. त्याच्या परिशिष्टांत नमूद केलेल्या क्षेत्रांपुरताच तो आहे. बाहेरच्या खेड्यांत १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम पहावा लागतो. त्याच्या १०८ व्या कलमांत मालक व पट्टेदार यांचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. मालकास ठाऊक असलेला परंतु घेणाऱ्यास साध्या काळजीनें न दिसणारा, वापरास बाधक असा मोठा दोष मालकानें सांगितला पाहिजे. ही एक तरतूद फार मोलाची आहे. भिंत आंतून पोकळ झाल्याचें ठाऊक असतां वरून गिलावा चढवून घर किरायानें देणारा मालक या तरतुदींत सांपडतो. जी दुरुस्ती करण्यास मालक बांधलेला आहे ती त्यानें न केल्यास पट्टेदारानें ती करून खर्च व्याजासह वळता करावा, असेंहि तेथें आहे, व चतुर्थांशाची मर्यादा तेथें नाहीं. पण 'बांधलेला आहे' या शब्दांत सारी मेख आहे. करारांत कांहीं नसेल तर दुरुस्तीचें सर्वसाधारण बंधन हा जुना अधिनियम मालकावर घालीत नाहीं. उलट झीज व अनिवार आपत्ति वगळतां जागा घेतली तशी ठेवण्याचें ओझें तो पट्टेदारावर टाकतो. म्हणजे परिशिष्टांतील शहरांत मालक बांधलेला, व खेड्यांत, जेथें माळवदें अधिक, तेथें तो करार करील तेवढाच बांधलेला. आणि खेड्यांतील किराया बहुधा तोंडी.

येथवर मालक व भाडेकरू यांच्यामधील देण्याघेण्याची गोष्ट झाली. घर पडून रस्त्यानें जाणारा मनुष्य मेला तर? त्याच्याशीं कोणाचाच करार नसतो. अशा वेळीं हयगयीचा कायदा पुढें येतो, आणि त्यांतील आपल्याकडील प्रमुख निवाडा दिल्लीचा आहे. चांदणी चौकांत नगरभवनासमोर घड्याळाचा एक मनोरा होता. १९५१ सालीं तो अकस्मात् कोसळला व खालून जाणारीं माणसें ठार झालीं. मृतांच्या वारसांनीं दावे लावले. मनोरा सुमारें ऐंशी वर्षांचा होता. ज्या प्रकारच्या चुन्यांत तो बांधला होता त्याचें आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचें असतें, असें पुराव्यांतून निघालें. नगरपालिकेचें म्हणणें असें कीं दोष बाहेरून दिसत नव्हता. सर्वोच्च न्यायालयानें १९६६ सालीं हें म्हणणें नाकारलें. घटना स्वतःच बोलकी आहे; नीट सांभाळलेले मनोरे आपोआप पडत नाहींत; रस्त्यालगतच्या इमारतीचा मालक तिची वेळोवेळीं तपासणी करण्यास बांधलेला आहे, आणि दोष त्यास ठाऊक होता कीं नव्हता हा मुद्दा गौण आहे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. म्हणजे आपल्या भाषेंत, गफलतीची सबब सांगून कसूर माफ होत नाहीं.

भाड्यानें दिलेल्या घरास हें तत्त्व लागतें काय? घर तर भाडेकरूच्या ताब्यांत; मग मालक कां अडकावा? या शंकेचें निरसन इंग्लंडांतील दोन निवाड्यांवरून होतें, व आपलीं न्यायालयें या विषयांत त्या देशाच्या निवाड्यांचा आधार घेत आलीं आहेत. १९४० च्या रिंज विरुद्ध कोहेन या प्रकरणांत, आठवड्याच्या भाड्यानें दिलेल्या घराची त्रिकोणी भिंत पडून शेजारच्या दुकानाचें नुकसान झालें. भिंत मोडकळीस आल्याचें मालकास ठाऊक नव्हतें, तरी तो जबाबदार धरला गेला. १९५० च्या मिंट विरुद्ध गुड या प्रकरणांत पायवाटेलगतची भिंत एका दहा वर्षांच्या मुलावर पडली. तेथें न्यायालयानें म्हटलें कीं आठवड्याच्या भाड्याच्या व्यवहारांत आंत जाऊन दुरुस्ती करण्याचा मालकाचा हक्क गृहीतच असतो. ज्यास हक्क आहे त्यास उत्तरहि आहे. आपल्याकडे तर असा हक्क गृहीत धरण्याचेंहि कारण नाहीं, कारण जागेची पाहणी करण्याचा मालकाचा अधिकार १८८२ व १९९९ या दोन्ही अधिनियमांत शब्दांनीं लिहिलेला आहे. ज्या मालकानें हा अधिकार वर्षानुवर्षें वापरला नाहीं त्याची, मला आंत कोण जाऊं देतो, ही तक्रार रस्त्यावर मेलेल्या माणसाच्या वारसांपुढें टिकणें कठीण.

घराच्या आंत राहणाऱ्याची स्थिति मात्र अधिक बिकट आहे. १९०६ च्या कॅव्हेलियर विरुद्ध पोप या प्रकरणांत मालकानें जमिनीच्या फळ्या दुरुस्त करण्याचें कबूल केलें होतें, तें पाळलें नाहीं, व भाडेकरूची पत्नी त्यांतून पडून जखमी झाली. इंग्लंडच्या उमरावांच्या सभेनें तिचा दावा फेटाळला. कां? तर करार नवऱ्याशीं होता, तिच्याशीं नव्हे. हा निर्णय वाचतांना आज कोणासहि चीड यावी. इंग्लंडनें स्वतःच १९५७ व १९७२ च्या कायद्यांनीं तो बाजूस सारला. हिंदुस्थानांत असा स्वतंत्र कायदा झालेला नाहीं. मात्र जुना इंग्रजी निर्णय आपल्या न्यायालयांवर बंधनकारकहि नाहीं. चौदाव्या कलमाचें बंधन जेथें आहे, तेथें घरांत भाडेकरूचें कुटुंब राहणार हें मालकास पक्कें ठाऊक असतें. तेव्हां बायकामुलांना परके मानणें न्यायास धरून होणार नाहीं, असें आमचें मत आहे.

आतां मालकाची बाजू. ती न मांडणें अन्यायाचें होईल, कारण हिंगोलीसारख्या गांवीं मालक म्हणजे नेहमींच मोठा धनिक असतो असें नाहीं. वडिलार्जित वाड्याच्या चार खोल्यांच्या किरायावर दिवस काढणारी एखादी विधवाहि कायद्याच्या दृष्टीनें मालकच असते. भाडें गोठलें कीं दुरुस्ती थांबते, हें सांगण्यास पंडित नको. मुंबईच्या १९४७ च्या कायद्यानें भाडें सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस बांधून ठेविलें होतें. १९९७ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या प्रकरणांत असें ठरविलें कीं आरंभीं वाजवी असलेलें हें बंधन काळ लोटल्यानें अवाजवी झालें आहे. १९९९ च्या अधिनियमांत भाडें सालीना चार टक्क्यांनीं वाढविण्याची मुभा मिळाली ती या पार्श्वभूमीवर. पण मुळांत जें भाडें नाममात्र तें चार टक्क्यांनीं वाढून किती वाढणार?

यांतूनच एक अनिष्ट आशा जन्मास आली. घर पडूं द्यावें. पडलें म्हणजे भाडेकरू आपोआप जाईल, जागा मोकळी होईल, व मोकळ्या जागेस आज सोन्याचा भाव आहे. ही हयगय नव्हे. हयगयीचा मुखवटा घातलेली योजना आहे. नगरपरिषदेकडून धोकादायक इमारतीची नोटीस निघावी म्हणून स्वतः मालकानेंच खटपट करावी, असेहि प्रकार महाराष्ट्रांत ऐकूं येतात. २०१४ सालीं शहा रतनशी खिमजी यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनीं या आशेचा पाया काढून घेतला. इमारत स्थानिक संस्थेनें पाडली तरी भाडेकरार संपत नाहीं, कारण भाड्यानें दिलेल्या वस्तूंत इमारतीबरोबर तिच्याखालील भूमीहि येते, असें त्यांनीं ठरविलें व याविरुद्धचा २००१ चा स्वतःच्याच न्यायालयाचा निर्णय रद्द केला. भिंत पडली तरी हक्क उभा राहतो. त्या निर्णयाची वार्ता गांवोगांव पोंचती, तर कित्येक माळवदांवर पुन्हा माती चढली असती, असें आम्हांस वाटतें. प्रामाणिक मालकास मात्र वाट आहे: जागा रिकामी केल्यावांचून होणार नाहीं अशी दुरुस्ती करावयाची असल्यास, किंवा पाडण्याचा अधिकृत हुकूम झाला असल्यास, सोळाव्या कलमाखालीं दिवाणी न्यायालयांतून ताबा मागतां येतो.

सर्वच दोष मालकाचा असतो असें नाहीं. मुंबईंत डॉकयार्ड रस्त्याजवळील बाबू गेनू मंडईची इमारत २७ सप्टेंबर २०१३ रोजीं कोसळून ६१ माणसें मेलीं. ही इमारत महानगरपालिकेची. वर राहणारीं कुटुंबें तिच्याच नोकरांचीं. आणि तळमजल्याची जागा गोदामासाठीं भाड्यानें दिलेली. त्या गोदामांत केलेल्या फेरफारांमुळें इमारत खिळखिळी झाल्याचा आरोप पुढें आला. म्हणजे एकाच छपराखालीं मालक, दुरुस्तीचा अधिकारी व परवानगी देणारा एकच, आणि कसूर वांटून घ्यावयास चौथा भाडेकरू. माळवदाच्या घरींहि लहान प्रमाणावर हेंच घडतें. दुकान मोठें दिसावें म्हणून भाडेकरू मधला खांब काढतो, किंवा माळवदावर सिमेंटचा थर देऊन वर पाण्याची टांकी बसवितो. कायमचें बांधकाम लेखी संमतीवांचून करणें हें त्यास बाहेर काढण्याचें कारण होऊं शकतें. पण मालकानें तें पाहून डोळे मिटले असतील, तर तिऱ्हाइतास उत्तर देतांना त्याची सुटका त्या कारणानें होईलच असें नाहीं.

निसर्गाच्या कोपाची सबब शेवटीं पहावयाची. अतिवृष्टि, वावटळ, भूकंप हे मनुष्याच्या स्वाधीन नव्हेत, हें खरें. परंतु ही सबब जें कल्पनेंत येऊं शकत नव्हतें त्यापुरतीच आहे. २०२४ सालीं २१ मार्च व १० जुलै या दोन्ही दिवशीं सकाळीं हिंगोली जिल्ह्यांत ४.५ तीव्रतेचे धक्के नोंदले गेले. वसमत तालुक्यांतील पांगरा शिंदे या बाजूस जमिनींतून आवाज येण्याची लोकांची तक्रार त्याहूनहि जुनी आहे. किल्लारीच्या आधीं, आमच्याकडे भूकंप होत नाहींत, असें म्हणणारा मनुष्य अज्ञानी म्हणून क्षम्य होता. आज या जिल्ह्यांत जड माळवदाचें घर किरायानें देणाऱ्यास तें समाधान उरलेलें नाहीं. नित्याच्या पावसाबद्दल तर बोलावयासच नको. आषाढांत पाऊस पडला ही आपत्ति नव्हे.

फौजदारी बाजू थोडक्यांत अशी. हयगयीच्या कृत्यानें मृत्यु घडविण्याचा अपराध पूर्वीं दंडसंहितेच्या ३०४-अ या कलमाखालीं येई. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमांत आला असून शिक्षा पांच वर्षांपर्यंत आहे. इमारत पाडतांना किंवा दुरुस्त करतांना ती पडून जिवास धोका होणार नाहीं अशी तजवीज न ठेवणें हा वेगळा अपराध पूर्वीं २८८ व आतां २९० या कलमांत सांगितला आहे. ध्यानांत घ्यावें कीं हें कलम पाडण्याच्या वा दुरुस्तीच्या, व नव्या संहितेंत बांधण्याच्याहि, कामापुरतें आहे. जो मालक कामच काढीत नाहीं तो या कलमाच्या बाहेर राहतो, आणि जो काम काढतो तो आंत येतो. कायद्याचा हा विपर्यास दीडशें वर्षांनंतर नवी संहिता लिहितांनाहि तसाच ठेवला गेला.

मृताच्या वारसांना भरपाईचा दावा १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमाखालीं लावतां येतो, व त्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षें आहे. खेड्यांतून ही मुदत बहुधा दिवसकार्य, कर्ज व तडजोडीच्या बोलण्यांत निघून जाते. आणि दावा लागलाच, तर पहिला प्रश्न पुराव्याचा येतो. १९९९ च्या अधिनियमाच्या ५५ व्या कलमानें भाडेकरार लेखी व नोंदलेला हवा, व तो नोंदविण्याची जबाबदारी मालकाची, असें ठरविलें आहे. कागद नसेल तर अटींविषयीं भाडेकरू सांगेल तें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरावयाचें. दुरुस्ती तुझ्याकडे ठरली होती, असें तोंडी कराराच्या बळावर म्हणणारा मालक येथें उघडा पडतो.

मालकाच्या उपयोगाचा पुरावा कोठें मिळेल, याचें एक उत्तर आपल्या जुन्या दफ्तरांतच आहे. ज्या घरीं कीर्द व खतावणी लिहिण्याची चाल होती, तेथें मृगाच्या सुमारास पांढरी माती, गाढवांचें भाडें व चोपणाऱ्यांची मजुरी यांच्या नोंदी असावयाच्याच. आपण अशा नोंदी बाजारभाव काढण्यासाठीं वाचतों. आजच्या मालकानें त्याच तऱ्हेनें तपासणीची तारीख, गवंड्याचें मत, काढलेली जुनी माती, बदललेलें लांकूड व दिलेली रक्कम लिहून पावत्या जपल्या, तर घर पडल्यावर तीं चार पानें न्यायालयांत त्याच्या बाजूनें उभीं राहतील. आणि भाडेकरूजवळ पंधरा दिवसांच्या नोटिशीची पोंच असेल, तर ती त्याच्या बाजूनें.